मांडामांड

झाकण सहज उघडलं. अंगठा आणि दोन बोटं, अर्धा फेरा, की आलं हातात. मला इतकं बरं वाटलं की बाटलीत पाहायचं मी क्षणभर विसरलोच. मग पाहिलं. लष्करी हिरवा रंग वाळून बुडाशी खपली धरून बसला होता. बाटली उलटी केली, टेबलावर आपटली, थिनरचे थेंब टाकून टाचणीनं खरवडलं. काही उपयोग झाला नाही. मागच्या आठवड्यात खाकी असाच गेला, त्याआधी गंजाचा तांबडा. नव्या बाटल्या, सील फोडून फार दिवस झालेले नाहीत, आणि तरी एकेक करून वाळतायत. दुसरा कुणी म्हणाला असता, रंगच तो, दुसरा मागवू. मी मात्र मागच्या गॅलरीतल्या टेबलाशी ते अंगठ्याएवढ्या बाटलीचं झाकण धरून बसून राहिलो. एकाच वेळी खूश होतो आणि धास्तावलेलाही. खूश कशानं आणि धास्तावलेला कशानं, हे सांगायचं तर आधी हाताचं सांगायला हवं.

माझा उजवा हात कापतो. सांगून टाकलं. नुसता टेबलावर ठेवला तर अंगठा आपला आपण चाळवत राहतो, आणि बारीक कामासाठी उचलला की मनगटापासून पुढे थरथर सुरू होते. घरात हे कुणाला माहीत नाही, ऑफिसात कुणाला माहीत नाही, निदान मी तसं धरून चाललोय. घरात म्हणजे भारती. पार्थ नोकरीसाठी पुण्याला असतो आणि फोनवर बापाचा हात दिसत नाही. ऑफिस म्हणजे जमीनमोजणीचं खातं. तिथं मी उमेदीची वर्षं हातानं नकाशे काढले, आणि गटांचे नंबर लिहायचे असले की साहेब म्हणायचे, प्रशांतकडे द्या, छापल्यासारखं येतं. आता सगळं कॉम्प्युटरवर. त्याबद्दल बाकीचे कुरकुरतात, मी मनातल्या मनात आभार मानतो. सही तेवढी करावी लागते. ती मी कोपर टेबलाला दाबून, श्वास रोखून करतो. सहीला दिरंगाई होते म्हणून शिपाई वाल्मिक मला हल्ली विचारी माणूस समजतो.

तर झाकण सहज उघडलं, म्हणजे हातातला जोर गेलेला नाही, ही खुशी. आणि रंग वाळला, म्हणजे झाकण घट्ट बसलं नव्हतं, म्हणजे लावताना जोर पुरला नव्हता, ही धास्ती. एकच झाकण दोन उलट साक्षी देतं. मी पहिली खरी मानायची ठरवली, आणि दुसरीचा दोष मांडणीवर टाकला. बाटल्या पश्चिमेच्या खिडकीशी ठेवल्या होत्या, चूक ती. मग त्या कपाटात गेल्या. तिथंही वाळल्या. मग पलंगाखाली, गारव्यात ठेवल्या. मग स्टीलच्या डब्यात ओल्या स्पंजबरोबर. मग प्रत्येक झाकणाखाली प्लास्टिकचा बारीक तुकडा घातला. नगरची हवाच कोरडी, फर्निचरलाही भेगा पडतात, तिथं रंगाची काय कथा, असंही स्वतःला सांगून झालं. दर वेळी सगळ्या बाटल्या काढायच्या, फडक्यानं पुसायच्या, झाकणं दात-ओठ खाऊन आवळायची आणि नव्या जागी लावायच्या. त्यात रविवार निघून जातो. रणगाडा तसाच राहतो.

रणगाडा प्लास्टिकचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. किट मागवायचं, सुटे भाग चिमट्यासारख्या कटरनं सांगाड्यापासून सोडवायचे, कानशीनं घासायचे, जोडायचे, रंगवायचे. गेली वीसेक वर्षं मी हेच करतोय. हॉलमध्ये काचेच्या कपाटात सगळे ओळीनं उभे आहेत. कपाटावर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आणि खाली ही फौज, हे दृश्य भारतीला कधी पटलं नाही. ती म्हणायची, पन्नाशी आली तरी खेळणी सुटेनात. पण पाहुणे आले की तीच त्यांना कपाटाशी न्यायची आणि बुरुजावरचे नंबर दाखवायची. नंबरांचे चिकटवायचे कागद किटमध्येच येतात. मी ते कधी वापरले नाहीत. पांढरा रंग, तीन केसांचा ब्रश, आणि हात. सांगायला संकोच वाटतो, पण मला या जगात एवढीच एक गोष्ट दुसऱ्यांपेक्षा बरी येत होती. हा शेवटचा रणगाडा जोडून झालाय, हिरवा अर्धा लागलाय. नंबर राहिलाय. नंबर राहिलाय हे मला सकाळी उठल्यापासून माहीत असतं.

म्हणून मांडामांड. हा शब्द भारतीचा. पूर्वी ती विचारायची, झाला का रणगाडा? हल्ली विचारते, झाली का मांडामांड? आणि खरं सांगायचं तर मांडामांडीत मला गोडी लागली होती. आईचा जुना मसाल्याचा डबा घेतला, त्याच्या सात वाट्यांत चाकं, कड्या, झाकणं, साखळीचे दुवे असे बारीक भाग वेगवेगळे घातले. हळदीची वाटी कितीही घासली तरी पिवळीच राहिली, तिच्यात चाकं आहेत. भारतीच्या बांगड्यांच्या डब्यातल्या दांड्यावर चिकटपट्ट्यांची रिळं ओवली. चष्म्याच्या एका घरात नवी ब्लेडं, दुसऱ्यात बोथट झालेली. कानशींसाठी कापडाची पट्टी शिवून घेतली, तिला खिसे, गुंडाळून ठेवता येते. उरलेल्या प्लास्टिकच्या काड्या पेढ्यांच्या खोक्यांत, जाडीप्रमाणे. चितळे रोडवरच्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, त्यांच्याकडून भोकांचा लाकडी ट्रे मागून आणला. त्यात रंगाच्या बाटल्या बरोब्बर बसतात. फिकटाकडून गडदाकडे, चिठ्ठी समोर. या कामात हात कापला तरी चालतो. वाटीत चाक टाकताना ते जरा आधी पडलं तर कुणाचं काय बिघडतं? टेबल इतकं नेटकं झालं की त्यावर काही करायला नको वाटे. जे काम करायचं त्याची तयारी करत बसलं की काम केल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळी थकवाही तसाच येतो. मी खरंच थकून जायचो.

उन्हाळ्यात एकदा एक झाकण अजिबात उघडेना. बोटं घसरत होती, हात नको तेव्हा थरथरत होता, आणि मला एकाएकी संताप आला. पक्कड घेतली आणि पिरगाळलं. झाकण तसंच राहिलं, बाटली फुटली, काळा रंग फरशीवर. भारती स्वयंपाकघरातून आली. मी म्हणालो, उन्हानं तडकली. पक्कड माझ्या हातातच होती. तिनं पक्कडीकडे पाहिलं, काचा गोळा केल्या, फरशी रॉकेलनं पुसली आणि म्हणाली, "पाय जपून ठेवा." मला वाटलं, पटलं तिला. त्यानंतर मात्र झाकणं सहज उघडायला लागली आणि मला वाटत गेलं की तो दिवसच वाईट होता, हाताचं तसं काही नाही, चाळिशीनंतर होतं थोडंफार सगळ्यांचं. पन्नाशीनंतर म्हणायला हवं. माणूस स्वतःशी खोटं बोलताना वयही कमी सांगतो.

आबांचा हात कापायचा. हे मी पार्थला कधी सांगितलेलं नाही. आबा म्हणजे माझे वडील, जालिंदर, काष्टीचे. साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या हाताखाली नट-बोल्ट आपण होऊन फिरतात असं लोक म्हणायचे. मी पाचवीत गेलो तेव्हा कंपासपेटी घ्यायला त्यांनी मला नगरला आणलं. भिंगारच्या रस्त्यावर वाहतूक थांबवलेली, आणि समोरून रणगाडे चाललेले. पायाखालची जमीन हलत होती, माझी छाती आतून हलत होती, मी आबांचा हात धरला. एक रणगाडा वळणावर आला आणि जागच्या जागी फिरला. आबा म्हणाले, "लई जड हाय रं. पन बघ कसा वळतोय, जरा बी थरथर न्हाई." तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तोही स्थिर होता, याची मला खात्री आहे, म्हणजे असावी. कारण पुढं कधी सुरू झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. कारखान्यानं त्यांना वर्कशॉपमधून काढून गेटवर बसवलं. त्यांनी घरी सांगितलं, बढती मिळाली.

आणि चहा. घरी कुणी आलं की आई सगळ्यांना कप भरून द्यायची आणि आबांच्या पुढं अर्धा. "त्यास्नी अर्धाच लागतो, पित्त हुतं," असं म्हणायची. मी कॉलेजात जाईपर्यंत आबांना पित्ताचा त्रास आहे असंच समजत होतो. एकदा त्यांचा हात फारच अनावर झाला तेव्हा आईनं त्यांचे दोन्ही हात कपाभोवती धरून दिले. चार माणसं बसली होती. आबांनी कप खाली ठेवला. "मी काय ल्हान पोर हाय व्हय, दोन हातांनी प्यायला?" असं म्हणाले आणि उठून बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी चारचौघांत चहा घेतला नाही. बाजाराच्या दिवशी हॉटेलात मित्र बोलवायचे, आबा नको म्हणून पुढं चालायचे, आणि लोक म्हणू लागले, जालिंदरला शिष्टपणा आलाय. पुढं नगरला डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. ते नाव मी घेत नाही. शेवटी शेवटी त्यांना घास भरवावा लागे आणि ते तोंड फिरवून रडत. मला त्याची भीती वाटते. मरणाची नाही वाटत एवढी, तोंड फिरवून रडण्याची वाटते. डॉक्टरकडे मी त्यासाठीच जात नाही, आणि भारतीला कळू नये यासाठी जे काय चाललंय ते त्यासाठीच. तिला एकदा कळलं की मग ती अर्धा कप भरणार, आणि मी कपाटातल्या रणगाड्यांचा मालक राहणार नाही, तिच्या सांभाळाचा एक माणूस होणार.

संगमनेरचा गोरक्षनाथ अधूनमधून फोन करतो. तो दूध संघात केमिस्ट आहे आणि विमानं करतो. आम्ही एकाच दुकानातून किट मागवत होतो, त्यातून ओळख. तिथल्या कॉलेजात दिवाळीनंतर मॉडेलं मांडायचीत.

"झाला का रणगाडा?"

"नंबर राहिलाय."

"आरं, मागच्या महिन्यात बी नंबरच राहिला हुता. तुला नंबर म्हंजे चहा प्यायाइतकं काम."

मी म्हणालो, "टेबल लावतोय जरा. जागा नीट झाली की एका बैठकीत होईल."

"तुझं टेबलच आण मग कॉलेजात," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो. फोन डाव्या हातात होता.

परवा बुधवारी ऑफिसात सर्व्हर बंद पडला. जेवणानंतरही सुरू होईना. साहेब गेले, मग आम्हीही निघालो. सावेडीला उतरून मी चालत घरी आलो. दुपारची वेळ, सोसायटीत चिटपाखरू नाही. भारती या वेळी झोपते म्हणून मी बेल न वाजवता किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये टीव्ही आवाज बंद करून चालू होता. गॅलरीचं दार उघडं होतं आणि माझ्या स्टुलावर भारती बसली होती, दाराकडे पाठ करून, मांडीवर तो लाकडी ट्रे. मी बूट काढता काढता थांबलो. ती एकेक बाटली काढायची, ओढणीचं टोक झाकणावर धरायची आणि पिरगाळायची. सहज होत नव्हतं. खांदा वर जायचा, मान ताठ व्हायची, बांगड्या वाजायच्या. झाकण सुटलं की ती ते काढत नव्हती, नुसतं सैल करून परत टेकवायची, म्हणजे पाहणाऱ्याला लावलेलं वाटावं. मग बाटली त्याच भोकात, चिठ्ठी समोर. एक झाकण तिला अजिबात सुटलं नाही, तेव्हा तिनं तळवा पाहिला, फुंकर घातली आणि पुन्हा धरली. माझी एकही बाटली तिनं इकडची तिकडे केली नाही.

मी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि खाली पार्किंगमध्ये येऊन, हल्ली नुसत्याच उभ्या असलेल्या माझ्याच स्कूटरवर बसलो. पहिला विचार आला तो अगदी मूर्खासारखा. म्हणजे लावताना माझा जोर पुरत होता. इतका, की तिला सुटत नव्हतं. आणि उघडताना जो जोर मी माझा समजत होतो, ज्यावर मी खूश होऊन रविवार काढले, तो तिचा होता. मग एकेक आठवायला लागलं आणि थांबेना. इस्त्रीच्या शर्टांची खालची बटणं आधीच लावलेली असतात, मला नुसता डोक्यातून घालायचा असतो. मला वाटायचं इस्त्रीवाला तसे देतो. आमटी हल्ली वाटीत येत नाही, भातावरच येते. बँकेतून सही जुळत नाही असा फोन आला होता, तो तिनं घेतला होता, आणि मग म्हणाली होती, खातं दोघांच्या नावावर आहेच, मीच करते सह्या. आणि चहा. चहा ती मला मोठ्या मगात देते, पार्थनं आणलेल्या. मोठा मग म्हणून कमी दिसतो, असं मी समजत होतो. तो मग अर्धाच असतो. किती दिवसांपासून अर्धा असतो?

मला तिचा राग आला, तो मी लपवत नाही. इतके दिवस मी एवढा अभ्यास करून लपवत होतो आणि ती बसून पाहत होती. मग राग ओसरला आणि नुसता शीण उरला. लपवायचं काम आम्ही दोघंही करत होतो, एकाच घरात, एकमेकांपासून, एकाच गोष्टीचं. शिवाय माझ्या बाटल्या तिच्यामुळं वाळत होत्या आणि हे तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं तर हात कबूल करावा लागणार. नाही सांगितलं तर ती अशीच तळवे सोलून घेत माझे रंग वाळवत राहणार आणि मी त्यांच्यासाठी नवी नवी जागा शोधत राहणार. हे वर्षानुवर्षं चालू शकलं असतं. आई आणि आबांचं चाललंच होतं. दोघांनाही माहीत होतं, आणि मरेपर्यंत घरात पित्तच होतं.

मी जिन्यात पाय आपटत वर गेलो, बेल वाजवली. तिनं लगेच दार उघडलं नाही. ट्रे जागेवर ठेवत असणार. "आज लवकर?" म्हणाली. सर्व्हर बंद पडला, म्हणालो. ती चहा ठेवायला गेली आणि मी गॅलरीत जाऊन माझ्या नेटक्या टेबलाशी बसलो. रणगाडा मधोमध होता. बुरुजाची नंबराची जागा कोरी. मसाल्याचा डबा, बांगड्यांचा डबा, ट्रे, सगळं जिथल्या तिथं. ती मग घेऊन आली आणि टेबलाच्या कडेला ठेवला.

"आज पूर्ण भर," मी म्हणालो.

ती थांबली. "पित्त होईल," म्हणाली.

हा शब्द तिचा नव्हता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी तिच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ओढणीच्या टोकावर झाकणांचे गोल वळ उमटले होते, ती ते टोक बोटाला गुंडाळत होती. "आई इथं होत्या ना शेवटी," ती म्हणाली, "तेव्हा बोलल्या होत्या. कधी पुढंमागं तसं दिसलं तर अर्धाच भर म्हणाल्या. विचारू नको, म्हणाल्या. विचारलं तर बाहेर निघून जातात."

"भर," मी म्हणालो. "नाही जात मी."

तिनं पातेलं आणून मग काठोकाठ भरला. मी उजव्या हातानं उचलला. टेबलावरून वर येईपर्यंत ठीक होता, मग सुरू झाला, आणि चहा मगाच्या कडेवरून माझ्या बोटांवर, टेबलावर, चिकटपट्ट्यांवर सांडला. चांगलाच गरम होता. मी मग खाली ठेवला नाही. ती फडकं आणायला गेली नाही. तिथंच उभी राहून तिनं पाहिलं, सगळं सांडेपर्यंत पाहिलं, आणि मीही तिला बघू दिलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वगैरे काही झालं नाही. फक्त लाज वाटली, आणि ती वाटून गेली.

"झाकणं घट्ट लावत जा," मी म्हणालो. "हवा जाते. रंग वाळतात त्यानं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा पडला. "माझ्यामुळं वाळत होते?" ती म्हणाली. "आणि तुम्ही ते स्पंज नि काय काय…"

"हो."

"आणि उघडताना?"

"हाक मारीन."

ती समोरच्या खुर्चीवर बसली, ट्रे पुढं ओढला आणि पहिल्या भोकातल्या फिकट रंगापासून एकेक झाकण आवळायला लागली. बांगड्या वाजत होत्या. मध्येच म्हणाली, उद्या डॉक्टरकडे नंबर लावते, आणि मी हो म्हणालो. रणगाड्याचा बुरूज कोराच होता. गोरक्षनाथाला सांगू, असाच घेऊन जा. मगात निम्मा चहा उरला होता, तेवढाच, रोज असतो तेवढा. मी दोन्ही हात मगाभोवती धरले आणि तिच्यासमोर पिऊन टाकला.